पाळीव प्राणी आणि वृद्धापकाळ

उतारवयात सोबतीला प्राणी असल्याने म्हाताऱ्या माणसाच्या प्रकृतीवर, दिनक्रमावर आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्यांवर होणारा परिणाम. विचार मुख्यतः कुत्र्या-मांजरांचा होतो, काही वेळा माशांचा. पिंजऱ्यातला पोपट मात्र यात धरू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली देशी पोपट पाळणे गुन्हा आहे.

या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांच्या १९८० मधील अमेरिकी पाहणीने. हृदयविकारातून वाचून घरी गेलेल्या ९२ रुग्णांपैकी ५३ जणांकडे प्राणी होते, त्यातले ३ वर्षभरात दगावले. प्राणी नसलेल्या ३९ जणांतले ११. आकडे बोलके आहेत, पण हिंडण्याफिरण्याचे बळ असलेला माणूसच बहुधा कुत्रा पाळतो, हेही त्यामागे असू शकते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१३ च्या निवेदनाची भाषाही सावध आहे. कुत्रा असल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा, मात्र केवळ त्यासाठी प्राणी घरी आणू नये, असे त्यात म्हटले आहे.

रोजच्या जगण्यात गुण येतो तो ठरलेल्या वेळांमुळे. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यावेच लागते. वीसेक मिनिटांचे चालणे होते आणि कोपऱ्यावर चार माणसे थांबून बोलतात. अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांना हे जमत नाही. तिथे माशांची टाकी कामी येते. एडवर्ड्स आणि बेक यांच्या २००२ मधील अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांच्या जेवणघरात टाकी ठेवल्यावर त्यांचे खाणे आणि वजन दोन्ही वाढले.

शुश्रूषा करणाऱ्याला मिळणारा दिलासा साधा असतो: आजी मांजराला कुरवाळत बसल्या की तोच तो प्रश्न अर्धा तास थांबतो. पण प्राण्याचे कामही त्याच सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर पडले, तर हा आधार नाही, भर आहे. म्हणून पावसात कोण फिरवणार, शी कोण उचलणार, आजोबा रुग्णालयात असताना कुत्रा कुठे राहणार, हे आणण्याआधीच ठरवावे. कुत्रा साधारण १२ ते १४ वर्षे जगतो. पंचाहत्तरीच्या माणसाला पिल्लू देण्यापेक्षा पाच-सात वर्षांचा, शांत झालेला कुत्रा बरा. पिल्लू पायात येते, दात लावते आणि रात्री झोपू देत नाही.

विसरभोळेपणा असेल तर प्राण्याला दोनदा वाढले जाते किंवा मुळीच नाही. दिवसभराचे खाणे सकाळीच एका डब्यात मोजून ठेवावे. डबा रिकामा म्हणजे जेवण झाले. मग विचारायला नको, वाद नको.

सर्वांत मोठा धोका पडण्याचा. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात कुत्र्या-मांजरांमुळे पडून झालेल्या दुखापती वर्षाला सुमारे ८६,००० होत्या. पट्टा मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला की माणूसही ओढला जातो. लांबणारा, गुंडाळीचा पट्टा तर नकोच. पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या दारात न ठेवता भिंतीशी ठेवावे, मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधावे आणि संडासाच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा.

रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी, जंतनाशक डॉक्टर सांगतील त्या अंतराने द्यावे. पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ असणाऱ्या मुंबई-कोकणात त्याचीही लस विचारावी. चावा किंवा रक्त काढणारा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. उलट, आजोबांच्या गोळ्या प्राण्याच्या तोंडी लागणेही घातक. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. खाली पडलेली गोळी लगेच शोधावी.