किडनीचा आजार आणि बाळंतपण: "मूल नकोच" हा सल्ला आला कुठून?

जळगाव-धुळ्याकडे अजूनही ऐकायला मिळतं, पोरीला किडनीचा त्रास आहे ना, मग मूलबाळ विसरा. आणि हे फक्त सासवा-आत्याच बोलतात असं नाही, जुने डॉक्टरपण जगभर हेच सांगायचे. 1975 मधे 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात यावर चक्क टोमणा होता, की अशा बायकांची मुलं एकतर जीव धोक्यात घालून जन्माला येत नाहीतर येतच नसत, आणि डॉक्टरांचं चाललं असतं तर आलीच नसती.

सल्ला अगदीच उगाच नव्हता म्हणा. चांगली किडनी गरोदरपणात पहिल्या काही महिन्यांतच जवळपास दीडपट काम करायला लागते, रक्त जास्त गाळलं जातं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, खाली उतरतं, साधारण 0.4 ते 0.8 पर्यंत (एक डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम). आजारी किडनीला हा वाढीव बोजा नीट पेलवत नाही, मग बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळ दोघांना धोका करणारा आजार) होतो, बाळ दिवस भरायच्या आधीच काढावं लागतं. आणि खरा घोळ पुढेच आहे, लॅबच्या छापील रेंजमधे 1.0 क्रिएटिनिन नॉर्मलच दिसतं, रिपोर्टवर खूणबिण काही नसते, सगळे निर्धास्त, पण पोटुशी बाईचं 1.0 आलं तर तिची किडनी नीट तपासायलाच पाहिजे.

भीतीला पहिला धक्का खरंतर बराच आधी बसला होता. अमेरिकेत एडिथ हेल्म नावाच्या बाईला 1956 मधे तिच्या जुळ्या बहिणीची किडनी बसवली, डॉक्टर होते जोसेफ मरे, ज्यांना पुढे 1990 मधे नोबेल मिळालं, आणि 1958 मधे त्याच एका किडनीवर तिला मूल झालं. पण एका बाईवरून नियम बदलत नसतात. शिवाय 80 च्या दशकात नवीच शंका आली, की जास्त काम करून करून किडनीच्या चाळण्या झिजत असतील तर प्रत्येक बाळंतपण म्हणजे नुकसानच की. मग उंदरांवर बघितलं तर गरोदरपणात रक्ताचा प्रवाह वाढतो खरा पण चाळणीच्या आतला दाब वाढत नाही, कारण रक्त आणणारी आणि नेणारी अशा दोन्ही नळ्या सैल होतात.

मग हळूहळू आकडे आले. आजार सौम्य आणि बीपी ताब्यात, तर बहुतेकींची किडनी बाळंतपणानंतर होती तशीच राहते असं 1980 च्या आसपास दिसायला लागलं. 1996 मधे जोन्स आणि हेसलेट यांनी मध्यम ते गंभीर आजाराच्या 67 बायकांची 82 गरोदरपणं तपासली, त्यात 59 टक्के बाळं वेळेआधी झाली पण 93 टक्के जगली, आणि सुरुवातीलाच क्रिएटिनिन 2 च्या वर असेल तर तिघींमागे एकीची किडनी झपाट्याने संपायचा धोका. म्हणजे मूल वाचवता येतं, किंमत आई मोजते. माझ्या मते या सगळ्या इतिहासात हा तिघींमागे एकीचाच आकडा घरच्यांनी ऐकायला हवा. 2007 च्या एका इटालियन अभ्यासात तर किडनीचं काम (रक्त गाळायचा वेग) मिनिटाला 40 मिलीच्या खाली आणि लघवीतून रोज 1 ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की घसरण वेगाने होते असं दिसलं. नुसतं "किडनीचा आजार" म्हणून उत्तर मिळत नाही, सुरुवात कुठून ते बघावं लागतं.

आणि आपल्याकडे ती सुरुवातच कुणाला माहीत नसते. लग्न, दिवस गेले, मग पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सासरची फाईल सासरीच, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात 44-45 डिग्रीला पाणी कमी पडतं ते वेगळंच. नंदुरबारच्या आदिवासी भागात तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, तोही किडनीला लागतो. क्रिएटिनिन, बीपी, लघवीतलं प्रोटीन, तिन्ही दिवस राहायच्या आधी बघितलं तर बीपीच्या काही गोळ्या बाळाला चालत नाहीत त्या बदलायलाही वेळ मिळतो.

डायलिसिसवाल्या बायकांचं चित्रसुद्धा बदललंय. 2014 मधे टोरांटोच्या डॉक्टरांनी दाखवलं की आठवड्याला 36 तासांच्या वर डायलिसिस केलं तर 85 टक्के बाळं जिवंत जन्मली, 20 तास किंवा कमी असेल तर 48 टक्के. आपल्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास.