‘१९६२’ हे साल नव्हे: ब्लूजब्रेकर पेडलची पार्श्वभूमी

ब्लूजब्रेकर घराण्याच्या ओव्हरड्राइव्ह पेडलबद्दल (गिटारचा आवाज जाणूनबुजून खरखरीत करणारी, पायाने चालवायची डबी) नागपुरातल्या गिटारवाल्यांत बोलणं निघालं की ‘१९६२ चा आवाज’ हे शब्द येतातच. इथेच पहिली गफलत होते. १९६२ हा मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या एका गिटार ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) मॉडेल क्रमांक आहे. मार्शलचा पहिला ॲम्प लंडनमधल्या हॅनवेलच्या दुकानात १९६२ सालीच बनला, त्यामुळे गोंधळात भरच पडते. पण या क्रमांकाचा, दोन बारा इंची स्पीकरांचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आला तो १९६० च्या दशकाच्या मध्यावर. ब्लूजब्रेकर हे नावही कारखान्याने सुरुवातीला दिलेलं नव्हतं. १९६६ च्या एका इंग्लिश ब्लूज अल्बममध्ये तो ॲम्प गाजला आणि त्या बँडचं नाव त्याला चिकटलं. बँडचं नाव ॲम्पला आणि ॲम्पचं नाव १९९१ मध्ये पेडलला, असा हा वारसा आहे. सर्किटचा वारसा मात्र या वाटेने आलेला नाही.

ॲम्पचं सर्किट मार्शलच्याच जेटीएम ४५ चं, आणि जेटीएम ४५ फेंडर या अमेरिकी कंपनीच्या बासमन ॲम्पवर बेतलेला. बासमन मुळात बास गिटारसाठी होता. मार्शलने पहिल्या टप्प्यात जास्त गेनचा (सिग्नल जास्त वाढवणारा) ईसीसी८३ व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची इलेक्ट्रॉनिक नळी, घातला आणि आवाज लवकर फाटू लागला. आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या साउंडवाल्यासाठी ‘फाटला’ म्हणजे बिघाड. इथे सारी किंमत त्या फाटण्याचीच.

पेडलमध्ये व्हॉल्व्ह नाही. बर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात एक पेडल उघडलं तेव्हा दिसला आठ पायांचा ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप) आणि त्याच्या फीडबॅकच्या वाटेत, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेत, बसवलेले, तांदळाच्या दाण्याएवढे नारिंगी काचेचे डायोड. लाटेचे माथे कापून आवाज फाडतात ते हेच. त्याच जातीचे डायोड दुकानदाराच्या डबीत मूठभर पडलेले होते. मार्शलचंच १९८८ चं गव्हनर पेडल मार्शलचा पूर्ण स्टॅक (ॲम्प आणि त्याखालच्या स्पीकरपेट्या) डब्यात कोंबायला निघालं होतं, त्यात डायोडचं काम एलईडी करत. मग ब्लूजब्रेकर पेडलला ‘ॲम्पचं इम्युलेशन’, म्हणजे हुबेहूब नक्कल, म्हणायचं का? माझ्या मते नाही. ज्या पेडलमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागी एक जेफेट ट्रान्झिस्टर बसवतात, ती कागदावर ॲम्पच्या जास्त जवळ जातात. ब्लूजब्रेकरने उचललाय तो स्वभाव: हलकं वाजवलं की साफ, जोर दिला की खरखरीत, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की परत साफ. हा गुण मला नकाशाबरहुकूम नकलेपेक्षा मोठा वाटतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी छोट्या कारागिरांनी याच सर्किटवर आपापली पेडल्स उभी केली. २०२३ मध्ये मूळ कंपनीनेही ते पुन्हा बाजारात आणलं.

नागपुरात अडचण वेगळीच आहे. इथल्या बऱ्याच कार्यक्रमांत गिटारसाठी ॲम्प नसतोच. वायर थेट मिक्सरला जाते. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या आसपासून वरचा आवाज झपाट्याने गाळतो. पीएचा (सभागृहाच्या ध्वनियंत्रणेचा) हॉर्न गाळत नाही, आणि डायोडने कापलेल्या लाटेचे सगळे काटे श्रोत्यांच्या कानावर येतात. सिव्हिल लाइन्समधल्या एका तालमीत साउंडवाला म्हणाला होता, “भाऊ, हे काहून माशीवानी भिणभिणते?” त्याचं बरोबर होतं. पेडल मूळ ॲम्पच्या पुढच्या अर्ध्या भागाची आठवण देतं. पॉवर व्हॉल्व्ह, रेक्टिफायर व्हॉल्व्हमुळे जोराच्या आघाताला किंचित खाली बसणारा विजेचा दाब आणि स्पीकर त्यात नाहीत.

यावर उपाय १९८९ मध्येच सॅन्सॲम्प नावाच्या पेडलने दाखवला होता: स्पीकरचं गाळणं डब्यातच करा. आता तेच काम डिजिटल आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची मोजून घेतलेली डिजिटल नोंद) करतात. त्या तालमीत ब्लूजब्रेकरनंतर, मिक्सरच्या आधी, असंच गाळणारा एक कॅबिनेट सिम्युलेटर जोडला आणि गेन निम्मा केला. साउंडवाल्याने वरच्या पट्टीचा नॉब, जो त्याने डावीकडे पार टोकाला नेला होता, पुन्हा मधोमध आणला.