क्लच बदलताना: कंपनीचा मूळ की अपग्रेडेड?

क्लच बदलण्याची वेळ आली की स्पोर्ट्स कारचे मालक आम्हाला बहुधा एकच प्रश्न विचारतात: कंपनीचा मूळ क्लच घालावा, की जास्त पैसे मोजून अपग्रेडेड किट बसवावे? इंजिनला हात लावलेला नसेल आणि गाडी रोजच्या रस्त्यावरच फिरत असेल, तर मूळ क्लचच घालावा असे आमचे स्पष्ट मत आहे. मग त्यात आमची विक्री कमी झाली तरी चालेल.

क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलेल, हे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा म्हणजे लायनिंगचा घर्षणांक, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या यांच्या गुणाकारावर ठरते. समजा, दाब 7,000 न्यूटन, घर्षणांक 0.3, त्रिज्या 9 सेंटीमीटर आणि बाजू दोन आहेत, तर उत्तर 378 न्यूटन-मीटर येते. इंजिनचा टॉर्क 250 असेल तर हा क्लच त्याच्या दीडपट भार पेलतो, आणि लायनिंग झिजले, तापले तरी निभावून जाते. त्याच इंजिनचे रिमॅपिंग करून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमधील सेटिंग बदलून, टॉर्क 330 वर नेला, तर हाताशी जेमतेम 15 टक्के उरतात, आणि घाटात क्लच तापून घर्षणांक घसरला की तेही संपतात. मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर पळतो, पण गाडीचा वेग तिथेच राहतो.

रिमॅप केलेल्या गाडीसाठी आम्ही बहुतेक वेळा जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक लायनिंगची प्लेट सुचवतो. पेडल थोडे जड होते, पण गाडी सुटताना झटका देत नाही. केवलार लायनिंग टिकाऊ असले तरी त्याला सुरुवातीचे साधारण 800 किलोमीटर जपून चालवून बसू द्यावे लागते, आणि एकदा अति तापून ते गुळगुळीत झाले की पूर्वीची पकड सहसा परत येत नाही. सिरॅमिक पॅडची प्लेट कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर शोभते. तिला हाफ क्लच मानवत नाही. ती एक तर सुटलेली असते, नाही तर पकडलेली. बेळगावच्या टिळकवाडीतील रेल्वे गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या गर्दीतून वीतवीत पुढे सरकताना, किंवा चोर्ला घाटात ट्रकच्या मागे चढावर थांबून पुन्हा निघताना, अशी गाडी कशी थरथरते ते एकदा अनुभवल्यावर बहुतेकांचा उत्साह मावळतो. शिवाय घसरणारा क्लच जो धक्का स्वतः सोसत होता, तो घट्ट क्लच गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टकडे पोहोचवतो.

गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असा आमचा आग्रह असतो. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून लायनिंग ओले झाले असेल, तर सर्वांत महागडे किटही घसरेल. तिथे आधी सील बदलावे लागते. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापासून किती उरले आहे, ते आम्ही आपल्यासमोर व्हर्नियरने मोजून दाखवतो. फ्लायव्हीलवर (इंजिनला जोडलेल्या, क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या जड चकतीवर) निळे-जांभळे डाग दिसले, तर तो भाग फार तापला होता असे समजावे. साधे फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून पुन्हा वापरता येते; ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये मात्र आत स्प्रिंगा असल्याने त्यातला ढिलेपणा तपासून, मर्यादेबाहेर असल्यास ते बदलावेच लागते. त्याऐवजी एकसंध फ्लायव्हील बसवले तर खर्च कमी येतो, पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सची खडखड ऐकू येऊ लागते. ती चालेल का, हे आपण आधीच ठरवावे.

पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग दोन्ही पर्यायांत नवे घालावे. त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी बेअरिंगच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त पडते.

गाडी आणताना रिमॅपिंग कुणी, कधी केले आणि टॉर्क किती वाढवला, याचा कागद असल्यास सोबत आणावा. रिमॅप केल्याचे लपवून कंपनीच्या क्लचची वॉरंटी मागणाऱ्या ग्राहकाची बाजू आम्हाला मांडता येत नाही. काढलेले जुने भाग आम्ही गोणपाटात बांधून डिकीत ठेवतो. ते घरी नेऊन निवांत पाहावेत.