एएफ परत येतं तेव्हा

एकाच अभ्यासातले दोन निष्कर्ष आधी सांगतो. 2019 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ या हृदयाची लय विस्कटवणाऱ्या आजारासाठी अ‍ॅब्लेशन (हृदयातली ठरावीक ऊती निकामी करण्याची प्रक्रिया) करून घेतलेल्या 346 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. प्रत्येकाच्या छातीवर त्वचेखाली एक छोटं यंत्र बसवलेलं होतं आणि ते दिवसरात्र हृदयाची लय तपासत होतं. वर्षभरात जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये अनियमित लय पुन्हा सापडली. आणि याच रुग्णांचा एएफमध्ये जाणारा एकूण वेळ, मधल्या रुग्णाचा हिशोब धरला तर, उपचारांआधीच्या तुलनेत 98 टक्क्यांहून जास्त घटला होता.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एएफच्या अभ्यासांत रूढ नियम असा आहे, की उपचारांनंतरच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांची सूट संपली की अनियमित लयीची 30 सेकंदांची एक नोंदसुद्धा ‘पुनरावृत्ती’ धरायची. संशोधनाला काटेकोर नियम लागतातच. पण तोच नियम दवाखान्यातल्या बोलण्यात उतरला की माणसाचं नुकसान होतं. आधी आठवड्याला दहा-दहा तास धडधड सोसणाऱ्याला आता तीन महिन्यांत वीस मिनिटांचा एखादा एपिसोड येतो. कागदावर त्याची नोंद ‘अयशस्वी’ अशी होते आणि तो खचून घरी जातो. मला हे फार चुकीचं वाटतं. एएफ परत आलं का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असलं तरी किती, किती वेळ आणि कशानंतर, हे विचारल्याशिवाय त्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो.

हा आजार परत का येतो, ते आधी पाहू. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात. निरोगी हृदयात उजव्या अलिंदातल्या सायनस नोडमधून विजेचा संदेश निघतो, दोन्ही अलिंदं एका दमात आकुंचन पावतात आणि त्यांच्यामागोमाग खालची निलयं. एएफमध्ये अलिंदांत मिनिटाला 350 ते 600 विस्कळीत संदेश फिरत राहतात, त्यामुळे अलिंदं नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. अलिंद आणि निलय यांच्यामधला एव्ही नोड त्यांतले बरेचसे संदेश अडवतो. जे खाली उतरतात त्यांना कसलाच ताल नसतो. म्हणून नाडी कधी भरभर, कधी रेंगाळत, कधी एखादा ठोका गाळून चालते.

ही ठिणगी पडते कुठे, हे 1998 मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी 45 रुग्णांमध्ये एएफ सुरू करणाऱ्या 69 जागा शोधल्या. त्यांतल्या 94 टक्के जागा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या आत होत्या. आजचं अ‍ॅब्लेशन याच शोधावर उभं आहे. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने, अतिथंड फुग्याने किंवा अलीकडे विजेच्या क्षणिक स्पंदांनी ऊती निकामी करून एक अखंड कडं तयार करतात. शिरेत ठिणगी पडली तरी ती कड्याबाहेर येऊ नये, एवढाच हेतू.

शेताच्या बांधाला एका जागी फट राहिली की बाकीचा बांध कितीही भक्कम असला तरी पाणी वाहून जातं, तसंच या कड्याचं आहे. प्रक्रियेच्या दिवशी ऊती सुजलेली असते, तिच्यातून वीज जात नाही आणि कडं पुरं झाल्यासारखं दिसतं. काही आठवड्यांनी सूज उतरते, मधली काही ऊती पूर्ण मेलेली नसते, ती सावरते आणि फट उघडते. पहिल्या अ‍ॅब्लेशननंतर एएफ परत येण्याचं हे एक मोठं कारण आहे. त्यामुळे दुसऱ्या अ‍ॅब्लेशनमध्ये बरेचदा नवं काही शोधायचं नसतं, आधीची फट हुडकून बुजवायची असते. पहिल्या वेळीच डाव्या अलिंदात आणखी रेषा ओढल्या तर फायदा होईल का, हेही तपासून झालं आहे. 589 रुग्णांचा तो अभ्यास 2015 मध्ये आला आणि जास्तीच्या रेषांनी काहीही साधलं नाही. ‘पहिल्याच वेळी अर्धवट काम केलं’ असा संशय मनात घर करतो, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

पहिले काही आठवडे वेगळे मोजतात, कारण त्या काळात अलिंद जखमी असतं. सूज, भरून येणारी ऊती, बिथरलेल्या मज्जातंतू, या सगळ्यांतून अनियमित ठोके उठतात आणि पुष्कळांचे ते आपसूक शमतात. हा काळ पूर्वी तीन महिन्यांचा धरत, 2024 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमतानुसार आता तो आठ आठवड्यांचा आहे. मात्र या काळातले एपिसोड अगदीच निरर्थक असतात असंही नाही. ज्यांना ते येतात त्यांच्यात पुढेही एएफ येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून त्यांची नोंद ठेवायची, डॉक्टरांना कळवायचं, पण निकाल लागला असं समजायचं नाही.

याच काळाबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती फार कमी जणांना ठाऊक असते. डाव्या अलिंदाच्या अगदी मागे अन्ननलिका असते. उष्णतेने किंवा थंडीने केलेल्या अ‍ॅब्लेशननंतर फार क्वचित या दोन्हींच्या मध्ये छिद्र पडतं, आणि ते लक्षात येतं बहुधा प्रक्रियेनंतर एक ते आठ आठवड्यांनी. ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, रक्ताची उलटी, किंवा हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं अशी लक्षणं या काळात दिसली तर वाट पाहू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि अ‍ॅब्लेशन झालंय हे पहिल्याच वाक्यात सांगा. अशा वेळी सीटी स्कॅन करतात आणि तोंडातून दुर्बीण घालणं टाळतात, म्हणून ते आधी सांगणं जिवाच्या मोलाचं ठरतं.

छातीवर विजेचा शॉक देऊन लय सुधारलेल्यांची निराशा निराळी असते. शॉकनंतर शुद्धीवर येतं तेव्हा ठोके सुरळीत असतात आणि दहा-बारा दिवसांत सगळं पूर्वपदावर! बर्नार्ड लाऊन यांनी 1962 मध्ये डीसी शॉकची पद्धत आणली, तेव्हापासून तिची ही मर्यादा माहीत आहे. शॉक लय सुधारतो, लय बिघडवणाऱ्या कारणाला हात लावत नाही. तरीही ते दहा दिवस वाया गेलेले नसतात. त्या दिवसांत जिना चढताना धाप कमी लागली का, थकवा उतरला का, झोप नीट लागली का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्रास एएफमुळेच होता आणि लय राखण्यासाठी पुढचा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. काहीच फरक जाणवला नसेल, तर थकव्याचं मूळ दुसरीकडे असू शकतं. ही माहिती दुसऱ्या कुठल्या तपासणीतून इतकी स्वच्छ मिळत नाही आणि ती सांगू शकतो फक्त रुग्णच.

वाट पाहण्यालाही किंमत असते, हे 1995 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या प्रयोगशाळेत दिसलं. तिथे मॉरिट्स अलेसी यांच्या गटाने बकऱ्यांच्या हृदयात कृत्रिमरीत्या एएफ सुरू केलं. सुरुवातीला ते काही सेकंदांत थांबे. पुन्हा पुन्हा सुरू करत राहिल्यावर ते लांबत गेलं आणि एक ते तीन आठवड्यांत बहुतेक बकऱ्यांमध्ये चोवीस तासांहून जास्त टिकू लागलं. एएफ अलिंदाला असं बदलतं की पुढचं एएफ सोपं होतं. त्याच प्रयोगाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. लय पूर्ववत केल्यावर विजेशी संबंधित हे बदल आठवड्याभरात मागे फिरले. अनेक महिने मुरलेल्या आजारात अलिंद ताणलं जातं, त्यात तंतूमय ऊती वाढते, आणि ते इतक्या सहज उलटत नाही. एपिसोड परत आला तर ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून अंगावर काढू नये, ते यासाठी.

औषध बंद करावं लागणं हाही एक धक्का असतो, विशेषतः तेच एक औषध लागू पडत असेल तेव्हा. लय राखणारं अमिओडारोन हे औषध प्रभावी आहे, पण त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग आयोडीनचा असतो. थायरॉइड बिघडू शकतं, फुप्फुसांना आणि यकृताला इजा होऊ शकते. शिवाय गोळी बंद केली तरी ते शरीरात कित्येक आठवडे, कधी काही महिने राहतं. डॉक्टर ते थांबवतात तेव्हा हातातलं शस्त्र काढून घेतल्यासारखं वाटणं साहजिक आहे. पण लयीवरची औषधं जपून का वापरतात, याची शिकवण वैद्यकशास्त्राला फार महाग पडली. 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा काही भाग मध्येच थांबवावा लागला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड दिल्यावर जास्तीचे ठोके दबले होते, ईसीजी सुधारला होता आणि मृत्यू मात्र वाढले होते. म्हणूनच आज फ्लेकेनाइड देण्याआधी हृदयाची रचना तपासतात.

सर्वांत घातक चूक होते ती रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांबाबत. एएफमध्ये रक्त डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या उपांगात साकळतं, गाठ होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 4,060 रुग्णांच्या अमेरिकी-कॅनडियन चाचणीत पक्षाघाताचे बहुतेक रुग्ण असे होते, ज्यांची वॉरफरिन बंद झाली होती किंवा तिचा परिणाम पुरेसा नव्हता. ठोके सुरळीत वाटले म्हणून गोळी सोडायची नाही आणि उपचार फसले म्हणून वैतागूनही सोडायची नाही. ती किती काळ घ्यायची हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात अशा गोष्टींवर ठरतं, नाडी कशी लागते यावर नाही. शॉकच्या आधी सहसा किमान तीन आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे ती अखंड घ्यावी लागते. मध्ये डोस चुकल्यामुळे किंवा तपासणीत गाठ दिसल्यामुळे शॉक पुढे ढकलला, तर चरफड होते, पण त्या गाठीसकट शॉक दिला असता तर काय झालं असतं याची कल्पना करून पाहा.

‘माझंच काहीतरी चुकलं’ हा विचार एएफच्या रुग्णांना फार छळतो. त्यात तथ्य किती? ऑस्ट्रेलियात स्थूल रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. 10 टक्के किंवा अधिक वजन उतरवून टिकवणाऱ्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली. त्याच देशात 2020 मध्ये नियमित मद्य घेणाऱ्या 140 रुग्णांची चाचणी झाली. ज्यांना दारू सोडायला सांगितलं त्यांच्यापैकी 53 टक्क्यांना सहा महिन्यांत एएफ परत आलं, पूर्वीप्रमाणे पिणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना. वजन, दारू, रक्तदाब, घोरताना श्वास अडकणं यांवर काम केल्याने खरोखर फरक पडतो. पण 53 हा आकडा पुन्हा वाचा. दारू सोडण्याच्या गटातही निम्म्या जणांना एएफ आलंच. वय, अलिंदाचा आकार, आनुवंशिकता, आजार किती जुना आहे, यांतलं काहीच आपल्या हाती नसतं. जीवनशैली सुधारायची ती शक्यता वाढवण्यासाठी, प्रत्येक एपिसोडचा गुन्हेगार आरशात शोधण्यासाठी नाही.

धास्तीचं काय करायचं? एकदा एएफ परतलं की माणूस दिवसभर नाडी चाचपत राहतो, घड्याळाच्या पडद्याकडे बघत राहतो, व्यायाम सोडतो, एकटं बाहेर पडत नाही. अ‍ॅब्लेशननंतर एखाद-दुसरा जास्तीचा ठोका पुष्कळांना जाणवतो आणि तो एएफ नसतोही. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं, की ऑनलाइन घेतलेल्या बोधात्मक वर्तन थेरपीने एएफच्या रुग्णांचं जीवनमान स्पष्टपणे सुधारलं. सतत तपासणं हळूहळू कमी करणं आणि टाळलेल्या गोष्टींकडे पुन्हा वळणं हा तिचा गाभा. ही मदत मागण्यात कमीपणा नाही. हृदयविकारतज्ज्ञांनी ती स्वतःहून सुचवायला हवी.

नोंदी मात्र ठेवाव्यात, त्या धास्तीपोटी नाही, उपयोगासाठी. 1912 मध्ये एका डच व्यापाऱ्याने डॉक्टर कारेल वेंकेबाख यांना सांगितलं, की उद्या सकाळी मी नियमित नाडी घेऊन येतो. आणि तो तसा आलाही. क्विनीन घेतल्यावर आपली धडधड थांबते, हे त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं होतं. वेंकेबाख यांनी ते निरीक्षण 1914 मध्ये छापलं, आणि 1918 मध्ये वाल्टर फ्राय यांनी त्याच गटातलं क्विनिडीन अधिक परिणामकारक असल्याचं दाखवलं. कित्येक दशकं एएफवर तेच प्रमुख औषध होतं. स्वतःवर औषधांचे प्रयोग कुणी करू नयेत. पण एपिसोड कधी सुरू झाला, किती वेळ टिकला, आधी काय घडलं होतं, आणि शक्य असेल तर त्या क्षणाचा ईसीजी, एवढं समोर असलं की पुढच्या भेटीतली चर्चा अंदाजांवर चालत नाही.

काहींची लय शेवटी परत येतच नाही. त्यांच्याकरता ठोक्यांची गती आवरण्याचा मार्ग आहे आणि तो हरल्याचा मार्ग नाही. वर सांगितलेल्या 4,060 रुग्णांच्या चाचणीत औषधांनी लय राखू पाहणाऱ्यांचं आयुष्य गती आवरणाऱ्यांपेक्षा वाढलं नव्हतं. 2020 मध्ये 2,789 रुग्णांच्या युरोपीय चाचणीने यात भर घातली. निदानानंतर वर्षभराच्या आत लय राखायला सुरुवात केली, तर पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू वगैरे घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. म्हणजे लवकर प्रयत्न जरूर करावा, पण सगळे उपाय थकले तर गती सांभाळूनही नीट जगता येतं. गती किती आवरायची, यावर नेदरलँड्समध्ये 614 रुग्णांची चाचणी झाली. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला 80 च्या आत ठेवलेले आणि 110 च्या आत ठेवलेले, दोन्ही गट सारखेच राहिले. गोळ्यांनी गतीही आवरत नसेल तर पेसमेकर बसवून एव्ही नोड निकामी करतात. अलिंदं थरथरत राहतात, रक्त पातळ करण्याच्या गोळ्याही चालू राहतात आणि हृदय पेसमेकरवर अवलंबून राहतं, म्हणून हा निर्णय विचारपूर्वकच घेतात. पण निलयांना आता पेसमेकरचा एकसारखा ताल मिळतो, आणि वर्षानुवर्षं धडधड सोसलेल्या अनेकांना त्या प्रक्रियेनंतर चालताना दम लागणं कमी झाल्याचं जाणवतं.