थीसिस की डिझर्टेशन?

पीएच.डी.चा थीसिस म्हणजे काय, हे मुंबई विद्यापीठात, कलिन्याला खेटे घालणाऱ्यांना सांगायला नको. मार्गदर्शक, सिनॉप्सिस म्हणजे थोडक्यात गोषवारा, बांधणी केलेला ग्रंथ, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. घोळ होतो तो डिझर्टेशनपाशी, कारण तेही पदवीसाठी लिहिलेलं संशोधनच.

‘मोठा तो थीसिस, छोटं ते डिझर्टेशन’ हे पाठ केलेलं सूत्र आता सोडून द्यायला हवं. पानांचा इथे संबंध नाही. देश कोणता आणि पदवी कोणती, एवढंच पाहायचं. ब्रिटनमध्ये सहसा पीएच.डी.ला थीसिस आणि एम.ए.ला डिझर्टेशन म्हणतात. आपण तीच वहिवाट उचलली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांतही एम.फिल. या पीएच.डी.च्या खालच्या संशोधन पदवीचं डिझर्टेशन आणि पीएच.डी.चा थीसिस होता. (एम.फिल. २०२२ च्या नियमांनी बंद झालं.) अमेरिकेत हे नेमकं उलट: डॉक्टरेटचं डिझर्टेशन, एम.ए.चा थीसिस.

डॉ. आंबेडकरांच्या पदव्या पाहिल्या की हे पक्कं लक्षात राहतं. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए.साठी लिहिला तो थीसिस, तिथेच पीएच.डी.साठी लिहिलं ते डिझर्टेशन. आणि लंडनला १९२३ साली डी.एस्सी. ही डॉक्टरेट मिळाली ती पुन्हा थीसिसवर, रुपयाच्या प्रश्नावरच्या.

म्हणून अमेरिकेतल्या अर्जात नुसतं ‘डिझर्टेशन पूर्ण’ लिहू नका. वाचणाऱ्याला डॉक्टरेट झाल्यासारखं वाटतं आणि पुढे गुणपत्रिकेत एम.ए. दिसलं की शंका येते. गुणपत्रिकेवरचा शब्द बदलायचा नाही, त्याच्याआधी पदवी लिहायची: ‘एम.ए. डिझर्टेशन’. हे दोन्हीकडे चालतं.

मराठीत ही अडचणच नाही. पीएच.डी.चा प्रबंध, एम.ए.चा लघुप्रबंध. नियतकालिकात छापून येतो तो शोधनिबंध. ‘शोधनिबंध सादर करून पीएच.डी. मिळवली’ अशी बातमी सरळ चुकीची आहे. चार-पाच वर्षांच्या कामाला लेखाच्या मापात बसवणं अन्यायाचंही आहे.

थीसिसचा आणखी एक अर्थ मात्र ध्यानात ठेवा: प्रतिपादन. मार्गदर्शक ‘तुझा थीसिस काय?’ विचारतात तेव्हा त्यांना विषय नको असतो, एका वाक्यातला दावा हवा असतो. ‘गिरणगावातल्या खाणावळी’ हा विषय झाला. ‘खाणावळींच्या उधारीवर गिरणी कामगारांचा संप तगला’ हा दावा. तो खरा की खोटा, हे वह्या-हिशेब काढून तपासता येतं.