विद्युत उभारणीतील आघातजन्य अपघात

वीजवाहिन्या, उपकेंद्रे किंवा इमारतींतील वीजजोडणी उभारताना पडणारी, उडणारी, झोका घेणारी वा घरंगळणारी वस्तू अंगावर आदळून होणाऱ्या अपघातास आघातजन्य अपघात म्हणतात. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासन बांधकामातील चार प्रमुख जीवघेण्या धोक्यांत त्याची गणना करते. उरलेले तीन म्हणजे उंचीवरून पडणे, विजेचा धक्का आणि अडकून चिरडले जाणे.

वीजकामात सावधगिरीचा सारा भर विजेच्या धक्क्यावर असतो आणि तो योग्यच आहे. मात्र वाहिनी बंद करून अर्थिंग केल्याने तारेतील प्रवाह थांबतो, तिच्यातील ताण तसाच राहतो. जुनी वाहिनी उतरवताना एका बाजूच्या तारा आधी तोडल्या, तर दुसऱ्या बाजूची ओढ खांबावर एकतर्फी पडते आणि जमिनीलगत कुजलेला किंवा गंजलेला खांब खालच्या माणसांवर कोसळू शकतो. म्हणूनच तारा सोडण्यापूर्वी खांबाला तात्पुरते ताण, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या तिरप्या आधारतारा, देणे अत्यावश्यक ठरते. विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, केबल ओढताना दोर तुटला किंवा पकड निसटली, तर ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा क्षणात मोकळी होते. नायलॉनचा दोर अधिक लांबत असल्याने त्याचा तडाखा विशेष घातक असतो. ओढीच्या रेषेत आणि कप्पीवरून दोर वळतो त्या कोनाच्या आतील बाजूस कोणीही उभे राहू नये, हा नियम त्यातूनच आला आहे.

२० मीटर उंचीवरून निसटलेला १ किलोचा पाना जमिनीपाशी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने पोहोचतो व त्याची ऊर्जा सुमारे १९६ जूल भरते. औद्योगिक हेल्मेटसाठीच्या ईएन ३९७ या युरोपीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत धक्काशोषणाची चाचणी सुमारे ४९ जुलांची, म्हणजे या पान्याच्या ऊर्जेच्या चौथ्या भागाइतकीच आहे. अशा आघाताने कवटी व मानेचे मणके मोडतात, मेंदूत रक्तस्राव होतो आणि त्याची लक्षणे कधी काही तासांनी दिसतात. त्यामुळे शुद्धीवर असलेल्या जखमीचीही वैद्यकीय तपासणी टाळता येत नाही. हेल्मेट हवेच, पण खरा बचाव हत्यारे दोरीने बांधण्यात, साहित्य पिशवीतून चढवण्या-उतरवण्यात आणि खालची जागा अडवून मोकळी ठेवण्यात आहे.

केबलचे भरलेले ड्रम कित्येक टनांचे असू शकतात, म्हणून उतारावर त्यांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्या लागतात. क्रेनने रोहित्र उचलताना झोका आवरण्यासाठी मार्गदर्शक दोर वापरतात. जवळ चालू वाहिनी असल्यास तो कोरडा व विद्युतरोधक असावा लागतो, अन्यथा आघात टाळण्यासाठी हाती धरलेल्या दोरातूनच विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो.