एक डेल्टा की एकच डेल्टा?

साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर ऑनलाइन एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तोही शुद्ध गणितात. रात्री साडेदहाला भांडी आवरून झाली की लॅपटॉप उघडायचा, कानात इअरफोन घालायचे आणि झोप येईपर्यंत बसायचं, असा दिनक्रम. पहिल्या सेमिस्टरला रिअल अ‍ॅनालिसिस होतं. त्याची पहिली असाइनमेंट तपासून परत आली तेव्हा लाल अक्षरांत एकच ओळ होती : ‘हा डेल्टा क्षवर अवलंबून आहे का?’ आणि खाली दहापैकी तीन गुण.

क्ष² हे फलन (फंक्शन) सगळ्या वास्तव संख्यांवर एकसमान सतत आहे का, असा प्रश्न होता. मी दीड पान खर्चून ‘आहे’ असं सिद्ध केलं होतं. एकही पायरी चुकली नव्हती. फक्त उत्तर भलत्याच प्रश्नाचं होतं. विचारलं होतं एकसमान सातत्य आणि मी सिद्ध केलं होतं साधं सातत्य. आमच्या एम.एस्सी.च्या ग्रुपवर चौकशी केली तर निम्म्याहून जास्त जणांची हीच गत. म्हणून या दोघांना शेजारी शेजारी बसवून बघू.

(शब्दांबद्दल जाता जाता. आपल्याच जिल्ह्यात, वाईला, मराठी विश्वकोशाचं काम चालतं आणि फलन, सातत्य, अभिसरण हे शब्द मराठीत कधीचे रुळलेले आहेत. पण फलन म्हटलं की बारावीचा मुलगा आंब्याच्या झाडाकडे बघतो. म्हणून मी दोन्ही भाषांची खिचडी करणार आहे. ग्रुपवर आम्ही तशीच बोलतो.)

साधं सातत्य म्हणजे काय ते आधी बघू. हा दोघांमधला सौदा आहे. तुम्ही एक बिंदू दाखवता आणि सांगता, ‘इथे फलनाच्या किमतीत एवढ्यापेक्षा जास्त फरक पडलेला चालणार नाही.’ हा ‘एवढा’ म्हणजे एप्सिलॉन. मी तो बिंदू बघते, आकडेमोड करते आणि सांगते, ‘मग या बिंदूपासून एवढ्या अंतराच्या आत राहा.’ हा माझा डेल्टा. तुम्ही दुसरा बिंदू दाखवलात तर मी पुन्हा आकडेमोड करून दुसरा डेल्टा देईन. त्याला काही बंदी नाही.

एकसमान सातत्यात सौद्याचा क्रम उलटतो. तुम्ही फक्त एप्सिलॉन सांगायचा, बिंदू झाकून ठेवायचा. मी बिंदू न बघता डेल्टा जाहीर करायचा. मग तुम्ही मनाला येईल तिथले दोन बिंदू काढायचे, त्यांच्यातलं अंतर माझ्या डेल्टाहून कमी असलं म्हणजे झालं. त्यांच्या किमतींतला फरक एप्सिलॉनच्या आत आलाच पाहिजे. एकदा सांगितलेला डेल्टा मला बदलता येत नाही.

इंग्रजी पुस्तकात या दोन व्याख्या एकाखाली एक छापलेल्या असतात. ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एग्झिस्ट्स’ हे दोन तुकडे तेवढे वर-खाली झालेले असतात, बाकी ओळी जवळपास सारख्या. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान दीडपट वेगाने ऐकताना हा बदल कानावरून कधी गेला ते कळतही नाही. वर्गात असते तर पुढच्या बाकावरचं कुणीतरी ‘सर, कुठला डेल्टा?’ म्हणून हात वर केला असता. माझ्या समोर फक्त पॉजचं बटण होतं आणि ते कधी दाबायचं हे कळायला आधी शंका यावी लागते.

मला ती शंका आली शाळेत, कुलपापाशी. आमच्या शाळेत बारा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीला एक किल्ली आहे आणि त्या सगळ्यांचा जुडगा शिपाई मामांच्या कमरेला असतो. नवीन कुलपं घ्यायची ठरली तेव्हा हेडसर म्हणाले, ‘मामा, सगळ्या खोल्यांना एकच किल्ली लागेल अशी कुलपं मिळतात का बघा.’ मी स्टाफरूमच्या दारात उभी होते. प्रत्येक खोलीला एक किल्ली. सगळ्या खोल्यांना एकच किल्ली. मामांच्या जुडग्यात बारा किल्ल्या असण्याचं कारण पहिल्या वाक्यात आहे आणि तो जुडगा फेकून देता येईल का, हा प्रश्न दुसऱ्या वाक्यात आहे.

इंग्रजीला जे सांगायला आख्ख्या वाक्याची मांडणी बदलावी लागते ते मराठी एका ‘च’वर भागवते. प्रत्येक बिंदूला एक डेल्टा असेल तर सातत्य. सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा चालत असेल तर एकसमान सातत्य. त्या दिवसापासून वहीत व्याख्या मराठीत लिहिते आणि ‘च’ लाल पेनने गोल करते.

आता क्ष²कडे येऊ, कारण माझे सात गुण तिथेच गेले. एप्सिलॉन १ धरा. म्हणजे वर्गांमधला फरक १ पेक्षा कमी हवा. क्ष १ असेल तर उजवीकडे साधारण ०.४१४ इतकं सरकता येतं, कारण २ चं वर्गमूळ १.४१४ आहे. क्ष १० असेल तर जेमतेम ०.०४९९. क्ष १०० असेल तर ०.००५ सुद्धा पुरतं मिळत नाही. क्ष १००० ला ०.०००५ च्याही किंचित आत राहावं लागतं. प्रत्येक ठिकाणी डेल्टा मिळतो, शून्याहून मोठा मिळतो, म्हणून सातत्य पक्कं. पण पुढे जाऊ तसा तो आक्रसत जातो आणि कुठेच थांबत नाही. आधीच जाहीर केलेला कुठलाही डेल्टा, कितीही बारीक असला तरी, पुढे कुठेतरी मोठा ठरतोच.

परीक्षेत हे असं गोष्टीसारखं लिहून चालत नाही. तिथे दोन ओळी पुरतात. न ही १, २, ३ अशी कुठलीही पूर्ण संख्या धरा आणि न आणि न + १/न हे दोन बिंदू घ्या. त्यांच्यातलं अंतर १/न, म्हणजे हवं तेवढं लहान करता येतं. पण वर्गांमधला फरक २ + १/न², म्हणजे कायम २ पेक्षा जास्त. एप्सिलॉन १ असताना कुठलाच डेल्टा टिकला नाही. संपलं. ‘एकसमान सतत नाही’ हे दाखवायचं असेल तर अशा जोड्या शोधायच्या, ज्या एकमेकींच्या जवळ येत जातात पण त्यांच्या किमती जवळ येत नाहीत.

गंमत अशी की हेच क्ष² ० ते १०० एवढ्यापुरतं घेतलं तर एकसमान सतत होतं. दोन वर्गांमधला फरक म्हणजे बिंदूंमधलं अंतर गुणिले त्यांची बेरीज आणि बेरीज २०० च्या वर जात नाही. मग एप्सिलॉन १ साठी ०.००५ हा एकच डेल्टा सगळीकडे चालतो. म्हणजे नुसतं ‘हे फलन एकसमान सतत आहे का’ असं विचारणं अपुरं आहे. ‘कुठे?’ हे आधी विचारायचं. हा दुसरा मोठा फरक. साधं सातत्य एका बिंदूपाशीही तपासता येतं. एकसमान सातत्य एका बिंदूला लावताच येत नाही, ते संपूर्ण संचाचं असतं.

पोवई नाक्यावरून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. रस्त्याच्या प्रत्येक ठिकाणची समुद्रसपाटीपासूनची उंची हे फलन समजा. अट अशी की उंचीत एका वितीपेक्षा जास्त फरक पडायला नको. पठारावर वीस पावलं चाललात तरी चालेल. घाटाच्या चढावर दोन पावलांत वीत संपते. पण पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता आहे, कुठेतरी सगळ्यात खडा चढ असणारच. तिथला डेल्टा घ्या, तो पठारावरही चालतो. किल्लीची उपमा इथे तोकडी पडते, कारण बारीक किल्ली मोठ्या कुलपाला लागत नाही. लहान डेल्टा मात्र, जिथे मोठा चालतो तिथे, नेहमी चालतो. म्हणून सगळा खेळ सगळ्यात लहान डेल्टा शोधण्याचा आहे.

आणि इथेच पाय घसरतो. ‘सगळ्यात खडा चढ असणारच’ असं मी वर सहज लिहून गेले. का असणार? रस्त्यावर बिंदू अनंत आहेत, म्हणून डेल्टाही अनंत. बारा संख्यांमध्ये सर्वांत लहान संख्या असतेच. अनंत संख्यांमध्ये असेलच असं नाही : १, १/२, १/३, १/४ ही यादी बघा, सगळ्या शून्याहून मोठ्या, पण त्या सगळ्यांच्या खाली बसेल अशी शून्याहून मोठी संख्या नाही. म्हणजे अनंत डेल्टांना कसंतरी मोजक्या डेल्टांवर आणायला हवं.

त्याची युक्ती साताऱ्याच्या पावसाळ्यात सुचावी अशी आहे. प्रत्येक बिंदूवर एक छत्री उघडा. त्या बिंदूचा जो डेल्टा असेल त्याच्या निम्मं अंतर दोन्ही बाजूंना झाकेल एवढी. (एप्सिलॉनही आधी निम्मा करून घ्यायचा, तो हिशोब वहीत करून बघा.) आता छत्र्या अनंत झाल्या. हाइने-बोरेल प्रमेय सांगतं की अंतराल (संख्यारेषेचा सलग तुकडा) बंद आणि मर्यादित असेल, म्हणजे दोन्ही टोकं आत धरलेली असतील आणि लांबी अनंत नसेल, तर त्यातल्या मोजक्याच छत्र्या ठेवून बाकीच्या मिटल्या तरी सगळा रस्ता झाकलेला राहतो. मोजक्या छत्र्या म्हणजे मोजक्या संख्या, मोजक्या संख्यांमध्ये सर्वांत लहान सापडतेच. तोच आपला एकच डेल्टा. बंद आणि मर्यादित अंतरालावरचं प्रत्येक सतत फलन एकसमान सतत असतं, हे हाइने-कँटर प्रमेय ते हेच.

टोक सोडलं की छत्र्या पुरत नाहीत. १/क्ष हे फलन ० ते १ च्या मध्ये घ्या, ० वगळून. १/न आणि १/(न+१) या बिंदूंमधलं अंतर नाहीसं होत जातं, पण किमती न आणि न+१, फरक कायम १. रस्ता लांबीला जेमतेम एक एकक आहे, पण शून्याच्या टोकाशी चढ वाढतच राहतो.

हा घोळ आपला एकट्याचा नाही, याचं मला फार बरं वाटतं. फ्रेंच गणितज्ञ कॉशीने १८२१ मध्ये सातत्य शब्दांत मांडलं तेव्हा एक डेल्टा की एकच डेल्टा हे त्यातून स्पष्ट होत नव्हतं. १८२३ मध्ये सतत फलनाचं संकलन (इंटिग्रल) अस्तित्वात असतं हे दाखवताना त्याने न सांगता एकसमान सातत्यच वापरलं. ती गोष्ट जर्मन गणितज्ञ हाइनेने वेगळी काढून छापली १८७० मध्ये आणि बंद अंतरालाबद्दलची सिद्धता १८७२ मध्ये. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं. माझी असाइनमेंट तीन आठवड्यांत परत आली होती.

संकलनात हे का लागतं तेही थोडक्यात. वक्राखालचं क्षेत्रफळ काढताना आपण उभ्या पट्ट्या पाडतो. प्रत्येक पट्टीत फलन फारसं हलू नये अशी इच्छा असते. पट्ट्यांची रुंदी आधी ठरवून सगळीकडे तीच वापरायची असेल तर एकच डेल्टा हवा.

आता ग्रुपवर सगळ्यात जास्त वाद झाला तो मुद्दा. चढ हवा तेवढा खडा होत असेल तर एकसमान सातत्य नाही, असं मी घाटाच्या उपमेवरून धरून बसले होते. कोरेगावच्या एका मैत्रिणीने रात्री अकराला मेसेज टाकला, ‘ताई, मग √क्षचं काय?’ ० ते १ वर √क्षचा चढ शून्यापाशी अनंत होतो. तरीही ते एकसमान सतत आहे, बंद अंतरालच आहे ना. नुसतं प्रमेयावर ढकलायचं नसेल तर √क्ष आणि √य यांच्यातला फरक क्ष आणि य यांच्या फरकाच्या वर्गमुळाहून जास्त नसतो, हे वापरा. एप्सिलॉनचा वर्ग हा डेल्टा घेतला की झालं. एप्सिलॉन ०.१ तर डेल्टा ०.०१, कुठेही. चढाला कमाल मर्यादा असेल तर एकसमान सातत्य नक्की. उलट मात्र म्हणता येत नाही. घाट उभा असला तरी तो उभेपणा क्षणभराचा असेल तर भागतं.

उलट बाजूचा फसवा नमुना म्हणजे साइन (क्ष²), आधी क्षचा वर्ग आणि मग त्याचा साइन. किमती -१ आणि १ च्या बाहेर कधी जात नाहीत, म्हणून भोळा माणूस ‘एकसमान’ म्हणून मोकळा होतो. पण पुढे जाऊ तशा त्याच्या लाटा एकमेकींना खेटत जातात. शून्यापासून माथ्यापर्यंतचं अंतर घटत जातं, उंची तेवढीच राहते. एकसमान सतत नाही. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या गणिताच्या पेपरातला तिसरा भाग असल्या नमुन्यांना फार सोयीचा आहे. तिथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात. आणखी एक सापळा : क्ष हे फलन सगळीकडे एकसमान सतत आहे, डेल्टा आणि एप्सिलॉन एकच. पण क्ष गुणिले क्ष नाही. बेरजेला हा गुण टिकतो, गुणाकाराला टिकेलच असं नाही.

असाइनमेंट पुन्हा लिहून पाठवायची मुभा होती. या वेळी अर्धं पानच झालं : न, न + १/न आणि फरक २ च्या वर. सरांनी आठ दिले. दोन कापले, कारण मी ‘कुठल्याही डेल्टासाठी’ असं लिहून न किती मोठा घ्यायचा ते सांगितलं नव्हतं. १/डेल्टाहून मोठा कुठलाही न चालला असता.